चार मिनिटं चालणारा लॅपटॉप

दुपारची भांडी पालथी पडली की सुमित्राबाई कापसाच्या खोलीत जात, ढिगावर बसत आणि शेजारी कापसावरच लॅपटॉप ठेवून सुरू करत. तो चार मिनिटं चाले. थंडीत सकाळी लवकर लावला तर सहासुद्धा, पण सकाळी त्यांना सवड नसे. चार मिनिटं झाली की आत काहीतरी घरघरायला लागे, पडद्यावरचा बाण जागच्या जागी थिजे, आणि मग काहीही दाबा, चित्र हलायचं नाव घेत नसे. थोड्या वेळाने पडदा काळा होई. सुमित्राबाई झाकण लावत, वर टॉवेल पांघरत आणि चहाचं आधण ठेवायला जात. वर्ष होत आलं होतं, पण यात खंड पडला नव्हता.

रोहण्यासारख्या लहान गावात असल्या गोष्टी लपून राहत नाहीत. धुरपता गेली तीस वर्षं त्यांच्या वावरात कापूस वेचायला येते, त्यामुळे त्यांच्या घरावर हक्काने बोलण्याचा मान तिच्याकडे आहे. ती ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे, "मानूस गेला त्या दिवसापासून एक थेंब नाई काढला बाईनं. रडली असती त मोकळी झाली असती. आता त्या डब्बडाले घेऊन बसते."

सुमित्राबाईंना हे आतून ऐकू येई. राग येत नसे. रागच काय, काहीच येत नसे. भाजीत मीठ पडलं की नाही हे चाखूनही कळत नव्हतं, सणाला नेसलेलं लुगडं कोणत्या रंगाचं होतं हे संध्याकाळी आठवत नव्हतं. बोट भाजलं तर त्या भाजलेल्या जागेकडे नुसत्या बघत. आपल्याला काही वाटत नाही, एवढं मात्र त्यांना पक्कं कळत होतं, आणि ते चांगलं लक्षण नाही हेही कळत होतं.

एक बदल मात्र धुरपतेच्याही नजरेतून सुटला नव्हता. पूर्वी बाईला हाक मारली की आतून "आली" असा आवाज यायचा आणि बाई अर्ध्या तासाने उगवायची. आता हाक ऐकू येताच बाई हातातलं सगळं टाकून दारात हजर. दूध उतू जाऊ दे, पोळी करपू दे. तोंडातून मात्र शब्द नाही. धुरपता म्हणे, "अवो बाई, मी नुसतं पानी मांगत होती. धावत कायले आल्या?"

त्या का धावत याचं उत्तर कापसाच्या खोलीत होतं, आणि ते त्या लॅपटॉपमध्ये अडकलं होतं.

त्याआधी सुमित्राबाईंच्या नवऱ्याबद्दल, महादेवरावांबद्दल सांगायला हवं. हा गृहस्थ आर्वी बसस्थानकावर एकतीस वर्षं कंट्रोलर होता. खिडकीमागे बसायचं, कोणती गाडी किती वाजता लागली, किती वाजता सुटली हे रजिस्टरमध्ये लिहायचं आणि भोंग्यावर पुकारायचं. पुलगावची, वर्ध्याची, वरुडची. त्यांच्या हाताखालून इतक्या गाड्या गेल्या, पण स्वतः माणूस रोहणा-आर्वी सोडून फारसा कुठे गेला नाही. निवृत्त झाल्यावर दोन महिने ते ओट्यावर बसून रस्त्याने जाणाऱ्या एस.टी.च्या वेळा तोंडाने पुटपुटत. सुमित्राबाईंना वाटलं, आता हे कामातून गेले. मग पुण्याला नोकरीला असलेल्या धीरजला, म्हणजे त्यांच्या मुलाला, कंपनीने नवा लॅपटॉप दिला आणि कॉलेजातला जुना घरी येऊन पडला. महादेवरावांनी तो उचलला आणि घराचं रजिस्टर सुरू केलं.

त्यात वेळेशिवाय एक ओळ नसे. '७.१० सुमित्रा नळावर गेली. ७.३५ आली.' '९.०० धुरपता आली. ९.०५ बोलायला लागली. १०.४० थांबली.' 'दुपारी ३.२० आभाळ आलं. ४.०० गेलं, पाणी नाई.' मोबाइलवर काढलेले फोटोही ते तिथेच चिकटवत, दर दिवसाला एक तरी. वांग्याचं झाड, पाहुण्याची गाडी, सुमित्राबाईंची पाठ. सगळं एकाच फाइलमध्ये, कारण रजिस्टर म्हणजे एकच असतं असं त्यांचं मत. आठ वर्षांत ती फाइल इतकी फुगली की उघडायलाच दीड मिनिट घ्यायची.

"मी का एस.टी. आहो का, माह्या वेळा लिहून राह्यले ते?" सुमित्राबाई विचारत.

"गेलेली गाडी आली का नाई, हे लिहा लागते. आली नाई लिहिली त रातभर झोप लागत नाई मानसाले," ते म्हणत. हे त्यांचं डेपोतलं तत्त्व होतं. 'गेली' लिहिलेल्या प्रत्येक गाडीपुढे 'आली' पडल्याशिवाय त्यांनी उभ्या जन्मात पान उलटलं नव्हतं.

मराठीत टाइप करता यावं म्हणून त्यांनी बटणांवर कागदाचे बारीक तुकडे चिकटवले होते, त्यावर पेनाने अक्षरं. एकदा सुमित्राबाईंना बसवून त्यांचं नाव लिहायला शिकवलं. "तुह्या नावातलं अवघड अक्षर सहाच्या डोक्यावर आहे. हे बाजूचं दाबून ठेव अन् मंग सहा दाब." सहाच्या बटणावर खरंच एक छोटा 'त्र' लिहिलेला होता. नाव लिहायला सात मिनिटं लागली. ती सातही मिनिटं रजिस्टरमध्ये नोंदली गेली.

आणि बसायची जागा कोणती, तर कापसाची खोली. दिवाळीनंतर वावरातला कापूस घरी आला की पुढची खोली छतापर्यंत भरते, आणि भाव बरा दिसेपर्यंत तो तिथेच असतो. घरोघरी असंच. पोरं त्यावर उड्या मारतात, पाहुणे त्यावर झोपतात. महादेवरावांनी ढिगात स्वतःपुरता एक खड्डा केला होता, पाठीला टेकण आणि उजव्या हाताला लॅपटॉपला गादी. त्यांच्या वेळीही लॅपटॉप तापे, मध्येच बंद पडे, पण निदान अर्धा तास टिके. म्हणून त्यांनी सवयच लावून घेतली होती की एक ओळ लिहायची आणि लगेच कोपऱ्यातल्या निळ्या चौकोनावर टिचकी मारून जपून ठेवायची. मग खुशाल बंद पडो.

मागच्या वर्षी, संक्रांत होऊन चार दिवस झाले होते. सुमित्राबाई तुरीच्या शेंगा निवडत होत्या. उकडायच्या होत्या, महादेवरावांना त्या दिवसांत दुसरं काही सुचत नसे. सव्वाअकराच्या सुमारास खोलीतून हाक आली. "सुमित्राऽ." आणि सुमित्राबाई म्हणाल्या, "आली." म्हणाल्या आणि शेंगा धुतल्या, कुकरमध्ये घातल्या, चूल सारवायची राहिली होती ती सारवली, धुरपतेच्या सुनेसाठी ठेवलेलं ताक शोधलं. कुकरच्या शिट्ट्या झाल्या. ताटलीत शेंगा काढल्या, वर मीठ घातलं आणि बरोबर बाराला खोलीत गेल्या. वेळ पक्की, कारण तेव्हाच बाराची गाडी रस्त्याने गेली. महादेवराव खड्ड्यात टेकून होते, चष्मा नाकावर, शेजारी लॅपटॉप काळा. "उठा, गरम आहेत," त्या म्हणाल्या. मग ताटली कापसावर ठेवली. शेंगांच्या पाण्याचा डाग तिथल्या कापसाला पडला, तेवढं त्यांना आजही दिसतं.

डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, त्रास झाला नसेल. धीरज पुण्याहून रडत आला आणि त्याने विचारलं, "आई, बाबांनी हाक नाई मारली का तुले?"

"मारली न. मी लगेच गेली," सुमित्राबाई म्हणाल्या.

हे वाक्य त्यांनी नंतर कित्येक लोकांना सांगितलं. नणंदेला, व्याह्यांना, दहाव्याला आलेल्या डेपोतल्या माणसांना. ते तोंडात इतकं बसलं की सांगताना आवाजसुद्धा हलत नसे. पण त्यांना एवढंच माहीत होतं की एक हाक आली होती. दुसरी आली होती का? कुकरच्या शिट्टीत, चुलीपाशी सारवताना, आपल्याला ऐकू न गेलेली? माणसाला छातीत कळ येते तेव्हा तो एकदा हाक मारून थांबतो का? हे सांगू शकणारा माणूस तर गेला होता. पण तो वेळेशिवाय ओळ न लिहिणारा माणूस होता, आणि त्या सकाळी तो लिहीत बसला होता.

म्हणून रोज दुपारी चार मिनिटं. त्यातलं दीड मिनिट फाइल उघडण्यात जाई. ती उघडे पहिल्या पानावर, आठ वर्षांपूर्वीच्या एका सोमवारी. सुमित्राबाई खाली जाण्याचं बटण दाबून धरत. वांग्याचं झाड जाई, धीरजचा साखरपुडा जाई, लॉकडाऊनमधला रिकामा रस्ता येई आणि तिथे कुठेतरी बाण थिजे. एकदा मात्र त्या धीरजच्या लग्नापर्यंत पोचल्या होत्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच सोमवार.

धीरजला फोनवर सांगितलं ते एवढंच की, "लॅपटॉप बंद पडून राह्यला." पोरगं गुणी. त्याने दोन रविवार आईला फोनवर धरून ठेवलं. काय वाट्टेल ते दाबायला लावलं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली, त्यांत खाली-वर जायला लावलं, सुरू होताना आपोआप उघडणारी सगळी कामं बंद करायला लावली, व्हायरस शोधायला लावले. व्हायरस शोधता शोधताच तो बंद पडला. "आई, आता काय दिसते?" "काई नाई दिसत. मी दिसून राह्यली." काळ्या काचेत खरंच त्यांचा चेहरा दिसत होता.

मग लॅपटॉप बाजाराच्या दिवशी तालुक्याला गेला, धुरपतेच्या सुनेच्या पिशवीतून. दुकानदाराने पाच मिनिटांत निकाल दिला: विंडोज नव्याने टाकावी लागेल, आतलं सगळं उडेल, चालेल का? धुरपतेच्या सुनेने फोन करून विचारलं म्हणून बरं. सुमित्राबाई म्हणाल्या, "वापस आन." इतक्या जोरात म्हणाल्या की स्वतःच दचकल्या. वर्षभरात तेवढाच एकदा त्यांना आपला आवाज आपला वाटला.

आता वर्षश्राद्ध आलं. रविवारी विधी, शनिवारी रात्री धीरज पोचणार. फोनवर म्हणाला, "आई, यावेळी मी तो लॅपटॉप घेऊन बसतो. फॉरमॅट मारतो, नवा करून देतो. त्याआधी बाबांचं जे काई असन ते काढून घेतो, वाचतो."

वाचतो, म्हणे. सुमित्राबाईंनी फोन ठेवला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. बुधवार होता. त्यांना भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. पाय मात्र आपले आपण कापसाच्या खोलीकडे गेले, लॅपटॉप टॉवेलमध्ये गुंडाळला गेला, आणि गुरुवारी सकाळी नऊच्या एस.टी.त त्या मांडीवर तो घेऊन बसल्या होत्या.

आर्वीच्या बसस्थानकासमोरच्या गल्लीत आचलचं दुकान आहे. किराणावाल्यांच्या घरची सून. सासऱ्याच्या दुकानाच्या पोटात सहा फुटांची जागा तिने मागून घेतली आणि तिथे लॅपटॉप-मोबाइल उघडून बसते. डाव्या बाजूला साबूदाण्याची पोती, उजव्या बाजूला स्क्रू काढायचे बारीक पेचकस. बायका साबूदाणा घेता घेता मोबाइल दुरुस्त करून नेतात. महादेवरावांना ती ओळखत होती. लहानपणी शाळेची गाडी सुटली की ते तिला खिडकीतून विचारत, "काऊन उशीर झाला?"

"काकू, आधी हे सांगा, बंद कधी पडते?" आचलने विचारलं. लॅपटॉपला तिने अजून हातही लावला नव्हता.

"चार मिनिटांनी."

"घड्याळ लावून पाह्यलं का?"

"कंट्रोलरची बायको हाये मी."

आचल हसली. "सकाळी जास्त चालते का दुपारी?"

"सकाळी. थंडीत सहा मिनिटं."

"मंग विंडोजचं काईच नाई झालं. विंडोजले काय थंडी वाजते का?" तिने लॅपटॉप सुरू केला आणि पडद्याकडे न बघता कडेच्या जाळीला तळहात लावून बसली. एक मिनिट, दोन मिनिटं. "पंखा ओरडून राह्यला, पन हवा बाहेर येत नाई. पाहा." तिने सुमित्राबाईंचा हात धरून जाळीपाशी नेला. बोटांना चटका बसेल इतकं गरम होतं, आणि वारा अजिबात नव्हता. "जीव वाचवाले स्वतःच बंद होते हे बिचारं. काकू, हे ठेवता कशावर?"

"कापसावर."

"वावरात, पराटीवरच्या कापसावर?" आचलला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"घरातल्या. खोलीत ढीग हाये न. तिथंच बसाचे ते. मीही तिथंच बसतो."

आचलने कपाळाला हात लावला, पण वरवर रागावून. तिच्या माहेरीही असाच ढीग होता आणि तिच्या भावाने त्यात दोन मोबाइल हरवले होते. मग तिने लॅपटॉप बंद केला, पालथा घातला. सुमित्राबाईंनी तिचं मनगट धरलं.

"आतलं काई उडाले नाई पाह्यजे."

"नाई उडत. थांबा, आधी त्याचंच करतो." तिने खालचं झाकण उघडून एक चपटी पेटी बाहेर काढली, तिला वायर लावून आपल्या मशीनला जोडली. "सगळं यात असते. याची एक कॉपी करून घेतो, मंग बाकीच्याले हात लावतो. महादेवकाकांचं काय हाये यात, फोटो?"

"रजिस्टर."

"उघडून पाहू का, बरोबर आलं का ते?"

"नको," सुमित्राबाई म्हणाल्या.

आचलने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि आपल्या मशीनचा पडदा भिंतीकडे वळवला. कॉपी व्हायला वीस मिनिटं लागली. तेवढ्या वेळात तिने चार किलो साबूदाणा विकला आणि एकाचा मोबाइल नाकारला.

मग पंखा निघाला. पंख्यामागे तांब्याच्या पातळ पट्ट्यांची एक फणी होती, तिच्यातून वारा बाहेर जायचा. त्या फणीवर राखाडी रंगाचा एक थर बसला होता, नीट दाबलेला, जाड. आचलने चिमट्याने तो एका ओढीत काढला. हातरुमालाची घडी निघावी तसा अख्खा निघाला. कापूस. आठ वर्षांचा, पऱ्हाट्यांच्या धुळीसकट, पंख्याने ओढून ओढून जमवलेला.

"हे पाहा तुमचा व्हायरस."

ती तो कचऱ्यात टाकणार तेवढ्यात सुमित्राबाईंनी हात पुढे केला. आचलने काही न विचारता कागदात बांधून दिला. फणी ब्रशने साफ केली, वाळून गेलेलं मलम खरवडून नवं लावलं, पेटी परत बसवली, झाकण लावलं. लॅपटॉप सुरू केला आणि शेजारी चहाचा कप ठेवला. दहा मिनिटं झाली. पंधरा झाली. पंखा कुजबुजल्यासारखा चालू होता, जाळीतून कोमट वारा येत होता. सुमित्राबाई पडद्याकडे बघत होत्या, कधी थिजतो याची वाट बघत. थिजला नाही.

"आता कापसावर ठेवाचं नाई. पाटावर ठेवजा, पाटावर. अन् लंबी फाइल असन त खाली जाले एवढं दाबत बसा लागत नाई." आचलने कोपऱ्यातल्या एका बटणावर त्यांचं बोट ठेवलं, दुसऱ्या हाताचं बोट दुसऱ्या बटणावर. "हे धरून ठेवाचं, हे दाबाचं. सीधे आखरी पानावर."

सुमित्राबाईंनी दोन्ही बटणांकडे पाहिलं. दोन बटणं. चार मिनिटांत दहा वेळा दाबून झाली असती. वर्षभरात कोणत्याही दिवशी, कोणालाही विचारलं असतं तर. पण विचारायचं म्हणजे शेवटचं पान कशाला हवं तेही सांगायचं आलं. त्यांना स्वतःची कीव यायला हवी होती. "बरं झालं सांगतलं," एवढंच त्या म्हणाल्या.

परतीच्या एस.टी.त त्यांनी कागदाची पुडी उघडली. बोटांना सवय वाईट. कापूस हाती लागला की बोटं वात वळायला लागतात, मालकिणीला विचारत नाहीत. नाचणगावच्या माहेरी रोज दुपारी आईशेजारी बसून वळलेल्या हजारो वाती त्या बोटांत होत्या. राखाडी कापसाची वात वळेचना, तुटत होती, चिमटीत धूळ उरत होती. रोहणा येईपर्यंत त्या तेच करत राहिल्या.

शुक्रवारी दुपारी भांडी पालथी पडली. सुमित्राबाई देवघरातला पाट घेऊन कापसाच्या खोलीत गेल्या. यंदाचाही ढीग छताला लागला होता, पण खड्डा यंदा त्यांनीच केला होता, जुन्याच जागी. पाट ठेवला, पाटावर लॅपटॉप. सुरू केला, फाइल उघडली. पहिला सोमवार आला. त्यांनी एक बटण धरलं, दुसरं दाबलं.

पडदा एकदा पांढरा झाला. मग मागच्या वर्षीचा तो दिवस आला. वर फोटो होता: सूप, सुपात तुरीच्या शेंगा, आणि शेंगा निवडणारे दोन हात. हात त्यांचेच होते. कधी काढला ते त्यांना कळलंही नव्हतं. खाली ओळी होत्या. सुमित्राबाईंना वाचायला वेळ लागतो, ओठ हलवून वाचतात.

'८.४० धुके. ९.१५ कमी झाले.

१०.५० सुमित्राने शेंगा घेतल्या निवडायला.

११.२० सुमित्राले हाक मारली. शेंगा उकडते का भाजते, इचारायचे होते. आली म्हणाली.

११.३० आली नाई. कामात असन. दुसरी हाक मारत नाई. मले घाई नाई.

११.४० उकडलेल्या शेंगांचा वास आला. उकडल्याच.'

त्याखाली काही नव्हतं. पांढरं पान होतं आणि एक बारीक रेघ उघडझाप करत होती.

सुमित्राबाईंनी ते पुन्हा वाचलं. मग पुन्हा. दुसरी हाक मारत नाई. सवयीने त्यांचा डावा हात झाकणावर गेला होता, चार मिनिटं होऊन गेली होती. त्या बाण थिजण्याची वाट बघत होत्या. पडदा काळा झाला की उठायचं, चहा ठेवायचा, इतकं सोपं होतं ते. पण पंखा हळू फिरत होता, जाळीतून कोमट वारा त्यांच्या गुडघ्याला लागत होता आणि ओळी तशाच समोर उभ्या होत्या. आता त्या बंद करायच्या तर आपल्यालाच बंद कराव्या लागणार, हे त्यांच्या लक्षात आलं.

शेवटच्या ओळीनंतरची ती रेघ लुकलुकत राहिली. गेलेल्या गाडीपुढे 'आली' पडली नव्हती. एकतीस वर्षांत आणि वर आठ वर्षांत त्या माणसाने असं एकदाही होऊ दिलं नव्हतं.

त्यांनी आकडे शोधले. एक, दोन, टिंब, शून्य, शून्य. मग कागदाच्या तुकड्यांवरची फिकी झालेली अक्षरं शोधत बोट हळूहळू फिरलं. स सापडला. उकार सापडला. म, वेलांटी. बाजूचं बटण दाबून धरलं आणि सहा दाबला. त्र उमटला, काना लागला. पुढची दोन अक्षरं लिहायला तर जन्म लागल्यासारखा वाटला. ओळ झाली.

'१२.०० सुमित्रा आली.'

अकरा वीस आणि बारा. मधली चाळीस मिनिटं कोणालाही मोजता येतील. उद्या धीरज येईल, वाचेल, आणि लगेच गेली म्हणून सांगितलेलं त्याला आठवेल. आठवू दे. त्यांनी बाण कोपऱ्यातल्या निळ्या चौकोनावर नेला आणि टिचकी मारली.

तेव्हा छातीतून काहीतरी वर आलं. पहिल्यांदा त्यांना खोकला वाटला. मग तो खोकला नाही हे कळलं, आणि त्यांनी पदर तोंडाला लावला, कारण ओट्यावर धुरपता बसली होती. पदर भिजला, नाक वाहायला लागलं, कापसावर थेंब पडले. वर्षभराचं सगळं एकदम, काही क्रम नसलेलं, महादेवरावांना मुळीच आवडलं नसतं असं. त्यांना दुखत होतं. फार दुखत होतं, आणि दुखतं आहे हे कळत होतं.

"बाई, ओ बाई," बाहेरून धुरपतेची हाक आली. "चहा होते का नाई आज?"

सुमित्राबाईंनी पदराने डोळे पुसले.

"आली," त्या म्हणाल्या, आणि बसून राहिल्या.